दोनशे सात रिकामी आहे

भिंतीच्या मते दोनशे सात नंबरच्या खोलीत कुणीच नव्हतं, आणि दोनशे सातमधला माणूस सकाळपासून तिसऱ्यांदा उकळलेलं पाणी मागवत होता.

प्रणाली खोत सुरक्षा कक्षातल्या पडद्यासमोर बसून हे दोन्ही बघत होती. एका कोपऱ्यात रूम सर्व्हिसचा निरोप लुकलुकत होता, 'दोनशे सात, पाणी, चांगलं उकळून', आणि मधोमध खोल्यांचा नकाशा होता. दोनशे सहामध्ये दोन माणसं, दोनशे आठमध्ये एक, मधली खोली कोरी.

"मशीन बिघडलं," मॅनेजर किल्लेदार तिच्या मागून म्हणाले. किल्लेदारांच्या लेखी जगात दोन जातींची मशीनं होती, बिघडलेली आणि बिघडायच्या बेतात असलेली.

"बिघडलं असतं तर आणखी कुठंतरी घोळ झाला असता की साहेब. बाकी सगळं हॉटेल बरोबर दिसतंय."

"मग पाहुणा बिघडलेला असेल. काय ते मिटवा वहिनी. संध्याकाळी फायर ब्रिगेडला अहवाल जातो. भरलेली खोली रिकामी दाखवली तर माझी खुर्ची रिकामी होईल."

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळचं हे 'हॉटेल हरिद्रा'. मालक हळदीचे व्यापारी, उतरणारे पाहुणेही बहुतेक हळदीचेच, आणि इमारतीचा रंग कुठला हे सांगायची गरज नाही. हॉटेल साधंच होतं, पण भिंती नव्या जमान्याच्या होत्या.

फार जुनी गोष्ट नाही. हॉटेलात उतरलेला माणूस आधी दिव्यात, घड्याळात, आरशामागे कॅमेरा दडवलाय का ते शोधायचा आणि मगच शर्ट काढायचा. उलट पोलिसांना कोणत्या खोलीत किती माणसं आहेत ते हवं असायचं, म्हणून हॉटेलवाले वेळी-अवेळी दारं ठोठवायचे. पाहुण्याला सगळं झाकून हवं, सरकारला सगळं उघडून हवं, आणि मध्ये मॅनेजरचं मरण. शेवटी कायदा आला. खोलीत कॅमेरा नाही, पाहुण्याच्या परवानगीशिवाय दार उघडणं नाही, पण रोजची तपासणी सक्तीची. ही तिन्ही कलमं एकत्र कशी पाळायची, यावर सगळे डोकं खाजवत असताना काचेची तार आली.

भिंतीला कान असतात हे आपले पूर्वज सांगून गेले. ते बसवायचे कसे, हे सांगायचं मात्र राहून गेलं. भिंतीत, फरशीखाली, छतात केसाएवढी बारीक काचेची तार खेळवायची. तिच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा लेसरच्या प्रकाशाचे ठिपके सोडायचे. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात सूक्ष्म दोष राहतातच, आणि त्या प्रत्येक दोषावर आपटून थोडा प्रकाश उलटा परततो. तार निवांत असेल तर परतणारा प्रकाश दर वेळी सारखाच असतो. पण ती कुठेतरी ताणली गेली, अगदी कल्पनेत मावणार नाही इतकी कमी का होईना, की परतणाऱ्या प्रकाशाचा नूर बदलतो. तो परतायला किती वेळ लागला यावरून ती नेमकी कुठे ताणली गेली तेही कळतं. भूकंपाची चाहूल घ्यायला आणि तेलाच्या नळांची राखण करायला निघालेली ही युक्ती. हॉटेलात ती आली हृदयामुळे.

हृदय ठोका देतं तेव्हा रक्त वर उसळतं आणि बंदूक उडाल्यावर खांद्याला बसतो तसा एक इवलासा उलटा धक्का सगळ्या शरीराला बसतो. आपल्याला तो कळत नाही, पण पलंगाला कळतो, पलंगाच्या पायांतून फरशीला आणि फरशीतून काचेला. त्या धक्क्यात हृदयाच्या चार झडपा मिटण्याचा क्रम आणि त्यांच्यामधलं अंतर दडलेलं असतं, आणि कुठल्याही दोन माणसांचा तो नमुना सारखा नसतो. पाहुणा आला की दारातल्या पायपुसण्यावर क्षणभर उभा राहतो, तेवढ्यात त्याच्या हृदयाचा ठसा घेतला जातो. वेग धरत नाहीत, कारण जिना चढला की वेग बदलतो. वजन धरत नाहीत, कारण लग्नसराईत माणसं जाड होतात. धरायचा तो फक्त झडपांचा नमुना. ठशाला नाव चिकटवायचं नाही, पाहुणा गेला की ठसा पुसायचा, आणि बोलण्याची कंपनं तर यंत्रात शिरण्याआधीच गाळून टाकायची.

कर्मचाऱ्यांचे ठसे मात्र नावानिशी कायमचे ठेवलेले असत आणि खोलीच्या मोजणीतून वजा केले जात. नाहीतर चादरी बदलायला गेलेली बाई रोज घुसखोर ठरली असती. आणि आग लागली, तर अग्निशामक दलाचे जवान आधी भिंतीलाच विचारत. भिंत ज्या खोलीला रिकामी म्हणे, त्या खोलीकडे कुणी वळत नसे. दोनशे सातची कोरी चौकट बघून प्रणाली खुर्चीवरून उठली ती यासाठी.

ती वर गेली. दार उघडणारा माणूस तिशी-बत्तिशीचा, किडकिडीत, तोंडाला मास्क लावलेला होता.

"पाण्याचं काय झालं ताई?"

"येतंय. मी सुरक्षा कक्षातून आले. तुम्हाला खाली दारात एकदा परत उभं राहावं लागेल. आमच्या भिंतीला तुम्ही दिसत नाही."

मास्कवरचे डोळे हसले. "बरंय की. घरी तर मी सगळ्यायलाच दिसतो. नुसता खोकललो तरी चार जण पळत येतेत."

जिना उतरताना तो बोलत होता. वसमतहून हळदीच्या सौद्याला आला होता. घरचा धंदा, पण हळदीची धूळ त्याला चालत नाही म्हणून घरचे सोडायला तयार नव्हते. भांडून आला होता. चार दिवस कुणाच्या नजरेखाली नसलेली खोली मिळाली, यातच त्याला सौदा साधल्यासारखं वाटत होतं.

"आणि तुमच्याकडं सोय लई भारी हाय," तो म्हणाला. "काल चुकून मागच्या जिन्याकडं गेलो तर दार आपोआप उघडलं. वर गच्चीचं बी उघडलं. टाक्यापाशी मस्त वारं होतं, बसलो निवांत."

प्रणाली थबकली. मागच्या जिन्याचं दार ठसा ओळखून उघडतं, पाहुण्यांसाठी नाही. गच्चीचं तर देखभाल विभागाच्या माणसांखेरीज कुणासाठीच उघडत नाही, तिच्यासाठीही नाही.

तो पायपुसण्यावर उभा राहिला. हिरवा दिवा लागला. प्रणालीने हातातल्या टॅबवर पाहिलं. 'ठसा आधीच नोंदलेला आहे. कर्मचारी, देखभाल विभाग. धैर्यशील बाबासाहेब खोत.'

आधी तिला संताप आला. कुणीतरी घाणेरडी चेष्टा केली होती. मग तिची नजर समोरच्या माणसाच्या गळ्याकडे गेली. शर्टाच्या पहिल्या बटणापाशी एक सरळ व्रण सुरू होऊन खाली छातीत उतरत होता. उकळलेलं पाणी, मास्क, धुळीची धास्ती, खोकल्यावर धावत येणारे घरचे. तिने टॅबवरचं नाव पुन्हा वाचलं.

"काय झालं ताई? आता तरी दिसलो का?"

"दिसलात," ती म्हणाली. "तुम्ही वर जा. पाणी पाठवते."

धैर्यशील तिचा नवरा. या हॉटेलच्या देखभाल विभागाचा प्रमुख. भिंती फोडून ही काचेची तार घालणाऱ्या माणसांच्या डोक्यावर उभा राहणारा, आणि त्यांचं काम पसंत पडलं नाही की त्यांना बाजूला सारून स्वतः घालणारा. तीन वर्षांपूर्वी मिरज रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली. मेंदू गेला, श्वास यंत्रावर राहिला. डॉक्टर म्हणाले, हृदय चांगलं आहे, पण थांबायला वेळ नाही. सासूबाई त्या दुपारी पालीच्या खंडोबाला नवस बोलायला गेल्या होत्या, फोन घरीच ठेवून. प्रणालीने एकटीने सही केली. सासूबाई भंडाऱ्याची पुडी घेऊन परतल्या तेव्हा हृदय गावाबाहेर गेलेलं होतं. कुठे, कुणाला, हे प्रणालीला सांगितलं नाही, आणि कुणाचं, हे घेणाऱ्याला. तसाच नियम आहे.

"माझं लेकरू अर्धं जाळलंस," सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "मला इचारलं बी न्हाईस." त्यानंतर तीन वर्षं दोघी एका छपराखाली राहत होत्या आणि मीठ कमी आहे, दूधवाला आला होता, याच्या पलीकडे बोलत नव्हत्या.

"त्याचा ठसा अजून मशीनमध्ये कसा?" प्रणालीने किल्लेदारांना विचारलं. नियमाप्रमाणे माणूस नोकरीतून गेला, की त्याच दिवशी ठसा पुसायचा असतो, मग तो राजीनामा देऊन जावो की कसाही.

किल्लेदारांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. "वर्षश्राद्ध झाल्याशिवाय गेलेल्याचं नाव काढू नये म्हणतात वहिनी. म्हणून थांबलो. वर्ष झालं, तर दसरा आला. ज्या हाताने मशीनला हार घालायचा, त्याच हाताने धैर्यशीलला पुसायचं? मग राहिलंच. ती तार माझ्या डोळ्यादेखत घातली त्याने. माझ्याने नाही झालं."

प्रणालीने पडद्यावर दोन रेघा एकमेकींवर ठेवल्या. एक चार वर्षांपूर्वीची, धैर्यशील दारात उभा असतानाची. दुसरी आत्ताची, वरच्या मजल्यावरून येणारी. वेग वेगळा होता, पण रेघ तीच. तोच चढ, तीच मधली बारीक पायरी, उतारावर तोच किंचित अडखळा. अभियंते अभिमानाने सांगायचे, बोटांचे ठसे फसवता येतील, चेहरा फसवता येईल, हृदय फसवता येणार नाही. हृदयच घर बदलू शकतं, हे त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिला भीती वाटली नाही, रडूही फुटलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर माणूस आपोआप हळू बोलू लागतो, तसे ती आणि किल्लेदार कुजबुजू लागले होते. जे संपलं असं समजून तिने तीन वर्षं काढली, ते डोक्यावर एका मजल्याच्या अंतरावर चाललं होतं. एक क्षणही न थांबता, परक्या छातीत, परक्या रक्ताला ढकलत, वसमतच्या शेतातून आणि सांगलीच्या बाजारातून हिंडत चाललं होतं. आणि ज्याने तार घातली त्याला त्या तारेने ओळखलं होतं, त्याच्यासाठी गच्चीचं दार उघडलं होतं. केवढासा, मुठीएवढा तो स्नायू, आणि केवढी त्याची जिद्द!

"पुसून टाका," किल्लेदार शेवटी म्हणाले. "तेवढा एक ठसा काढला की भिंत त्याला पाहुणा म्हणून मोजेल. मशीन बिघडलं होतं, दुरुस्त केलं, विषय संपला. ना आपण बोललो, ना त्याने ऐकलं."

हे सोपं होतं आणि नियमात बसत होतं. पण प्रणालीच्या डोळ्यांपुढे सासूबाई होत्या. भिंतीला आणखी एक सोय होती. पाहुणा आजारी पडला तर डॉक्टरांना त्याच्या हृदयाचा आवाज मोठा करून भिंतीतूनच ऐकवता येई, शेजारच्या खोलीतसुद्धा. तो आवाज सासूबाईंनी एकदा, फक्त एकदा ऐकला तर? अर्धं जाळलं नाही, अर्धं राखलं, हे त्यांना कानांनी कळलं तर? त्या घरात पुन्हा माणसं राहायला लागतील. पाहुण्याला न सांगताही ते करता येईल. शेजारची दोनशे सहा दुपारी रिकामी होणार होती. किल्ली तिच्याच कमरेला होती.

तिला स्वतःचीच लाज वाटली. चार दिवस कुणी बघू नये म्हणून घरी भांडून आलेला तो माणूस, आणि ही त्याच्या छातीला कान लावायला निघाली होती. हे कुणासाठी, असं तिने स्वतःला विचारलं. उत्तर खरं होतं आणि गोड नव्हतं. स्वतःसाठी.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. पाहुणाच उभा होता. हातात एक पिवळं कार्ड होतं. ते कार्ड प्रत्येक खोलीत टेबलावर असतं आणि त्यावर पाहुणे चहाचा कप ठेवतात. त्यावर लिहिलेलं असतं, भिंतीला तुमच्याविषयी काय माहीत आहे ते विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मला हे विचारायचंय," तो म्हणाला. "तुम्ही मला खाली उभं केलं, अन् तुमचा चेहरा उतरला. मी लई दवाखाने बघितलेत ताई. चेहरा उतरला म्हणजे काय ते मला कळतं. माझ्या हृदयात काही बिघाड दिसला का?"

किल्लेदार खोकले. खोकल्यात 'मशीन' आणि 'दुरुस्त' असे दोन शब्द ऐकू आले.

एक नियम म्हणत होता, सांग. दुसरा म्हणत होता, तोंड उघडू नकोस. पण समोरचा माणूस घाबरलेला होता, आणि जे विचारत होता ते त्याच्याच छातीतलं होतं.

"बिघाड काही नाही," ती म्हणाली. "उत्तम चाललंय. भिंतीला तुम्ही आमचे कर्मचारी वाटताय. कर्मचारी मोजत नाहीत, म्हणून तुमची खोली रिकामी दिसते. एवढंच भिंतीला माहीत आहे."

"कोण कर्मचारी?"

"आता नाही तो. तीन वर्षं झाली."

पाहुण्याचा हात शर्टाच्या बटणावर गेला आणि तिथेच राहिला. बाहेर यार्डात कुणीतरी ट्रकला मागे घेत होतं, 'येऊ द्या, येऊ द्या' ऐकू येत होतं. तो हळूच खुर्चीत बसला.

"म्हणून ते दार उघडलं," तो म्हणाला.

"हो."

"माझ्यासाठी नाही उघडलं."

त्याने मास्क खाली केला. मास्कखालचा चेहरा तिच्या अंदाजापेक्षा लहान होता.

"घरी सगळे म्हणतेत, देवानं दिलं. मला माहीत होतं, देवानं नाही दिलं, कोण्यातरी माणसानं दिलं. तीन वर्षं मला असं वाटायलं, की मी कुणाच्या तरी घरात न विचारता राहायलो. भाडं नाही, ओळख नाही. घरमालक कोण, तेबी माहीत नाही." मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुमचे कोण होते?"

"मी सही करणारी," प्रणाली म्हणाली.

तो उठून उभा राहिला. हात जोडावेत की पाया पडावं, हे त्याला ठरवता येईना, म्हणून तो नुसता उभाच राहिला. प्रणालीने त्याला सासूबाईंविषयी सांगितलं, नवसाविषयी, भंडाऱ्याच्या पुडीविषयी, तीन वर्षांच्या अबोल्याविषयी. दोनशे सहाची किल्ली घेऊन ती मघाशी काय करायला निघाली होती, तेही सांगितलं. किल्लेदार दुसरीकडे बघत होते.

"चोरून काहून?" तो म्हणाला. "बोलवा की माईला. माझी काही हरकत नाही. मी चारला खोलीवरच आहे."

सासूबाई स्वयंपाकघरात वरण्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शालन त्यांचं नाव. प्रणाली सांगलीकडच्या रीतीप्रमाणे त्यांना आत्या म्हणे. ती समोर जमिनीवर बसली.

"आत्या, एक विचारायचं होतं."

"इचारायची सवय कवापास्नं लागली?"

हे तिला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तिने सगळं सांगितलं. तार, ठसा, गच्चीचं दार, वसमतचा मुलगा. शेंगा सोलणारी बोटं मध्येच कधीतरी थांबली.

"त्यानं हो म्हटलंय, का तूच ठरवलंस?"

"त्यानेच बोलावलंय. पण तुम्ही नको म्हणालात तर मी जाऊन नाव पुसते, तो उद्या त्याच्या गावी जाईल, आणि परत विषय काढणार नाही. तुम्ही म्हणाल तसं."

शालनबाईंनी हातातली शेंग न सोलताच परत टाकली.

"तवा असं इचारली असतीस," त्या म्हणाल्या, "तर मी न्हाई म्हणाले असते."

"मला माहीत आहे."

"न्हाईच म्हणाले असते," त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी जरा स्वतःशीच. "मग त्यो पोरगा आज कुठं असता?"

त्यांनी शेंगा बाजूला सारल्या, पदराला हात पुसले आणि चप्पल शोधायला लागल्या.

दोनशे सातमध्ये चार माणसं होती, आणि भिंतीच्या मते एकच, शालनबाई; बाकीचे तिघं तिच्या लेखी कर्मचारी. पाहुण्याने शालनबाईंसाठी खुर्ची खिडकीपाशी ओढली होती. त्या खुर्चीत टेकल्या, पण पाहुण्याकडे बघेनात. खोलीतला पडदा, दिवा, पाण्याचा तांब्या, सगळं बघून झालं, तरी त्याच्याकडे नाही. किल्लेदारांनी नियमाप्रमाणे पाहुण्याला विचारलं, आवाज सुरू करायला तुमची परवानगी आहे का. तो हो म्हणाला. तरी त्यांनी परत एकदा विचारलं, कारण दुसरं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

मग भिंतीतून आवाज आला.

तो कानांनी ऐकण्याआधी तळपायांना कळला. खोल, भरदार, दोन-दोनच्या जोडीने येणारा. तांब्यातलं पाणी थरथरलं. किल्लेदारांनी हळूच बूट काढले. देवळाच्या पायरीशी काढतात तसे काढले आणि कोपऱ्यात ठेवले. प्रणालीने आपला तळवा भिंतीवर टेकवला. हा आवाज तिने अंधारात, झोपेत, उशीवर कितीतरी वर्षं ऐकला होता आणि कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. आता सगळी इमारत तो ऐकत असल्यासारखी वाटत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसावंसं वाटत नव्हतं.

शालनबाई मान कलती करून ऐकत होत्या. कपाळाला आठ्या पडत गेल्या.

"लई घाईत चाललंय," त्या म्हणाल्या.

"तसंच असतं माय," पाहुणा म्हणाला. "डोक्यातून एक नस येते, ती हृदयाला सांगते, हळू चाल. बदलताना ती नस तुटते. मग ते माझ्या डोक्याचं काही ऐकत नाही. मी झोपलो तरी याची आपली घाई. डॉक्टर म्हणतेत, चालायचंच."

शालनबाईंनी आता त्याच्याकडे नीट पाहिलं. मग मान वळवून सुनेकडे पाहिलं.

"मग त्योच हाय," त्या म्हणाल्या. "त्यानं तरी कुणाचं ऐकलं होतं? व्हय का न्हाई गं?"

"कधीच नाही ऐकलं," प्रणाली म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. रडताना हसणं फार अवघड. शालनबाईही हसल्या. तीन वर्षांनी दोघी एका गोष्टीला हसत होत्या, आणि ती गोष्ट भिंतीतून धडधडत होती.

आवाज थांबवल्यावर खोली एकदम लहान झाली. प्रणालीने टॅब काढला. धैर्यशीलचं नाव अजून तिथे होतं. तिने ते सासूबाईंना दाखवलं आणि आगीची अडचण समजावली. "आत्या, हे काढावं लागेल. काढू का?"

"काढ. जित्या माणसाला मेलेल्याच्या नावावर ठिवू नये."

तिने बोट टेकवलं. नाव गेलं. नकाशात दोनशे सातच्या चौकटीत शालनबाईंच्या ठिपक्याशेजारी आणखी एक बारीक पिवळा ठिपका उमटला, आणि खाली लिहून आलं, पाहुणा, एक.

किल्लेदार बूट हातात घेऊनच बाहेर पडले. शालनबाई उठल्या. जाताना त्यांनी पाहुण्याच्या छातीला हात लावला नाही. त्याच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, आपल्या पोरांची दृष्ट काढतात तशी.

"मास्क लाव," त्या म्हणाल्या. "येते मी."

त्या खोल्यांपुढच्या बोळात पोहोचल्या तेव्हा तो दारापर्यंत आला. "माय, एक ऱ्हायलं. माझं नाव तरी ऐकून जा. माझं नाव—"

शालनबाईंनी झटकन दोन्ही हात कानांवर ठेवले.

"नको बाबा, नको सांगू! नाव कळलं की मी रोज फोन करीन. जेवलास का, झोपलास का, धुळीत गेला न्हाईस न्हवं. तुझी आई हाय घरी, तिनं काय करायचं मग? तू सुखानं ऱ्हा."

आणि तशाच कान झाकून त्या बोळातून चालत राहिल्या, मागे न बघता, थेट लिफ्टपर्यंत. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे बटण प्रणालीने दाबलं.